द्वारकेनं काढलेलं गाव

जगतपुरा, जयपूर
१० फेब्रुवारी २००८

प्रिय आत्यास मधूचा नमस्कार,

फोनवर तू ‘हो हो, कळलं’ म्हणतेस आणि फोन ठेवल्यावर बाबांना विचारतेस, ‘काय म्हणाली रे ती?’ हे मला बाबांनीच सांगितलं. कानाचं यंत्र कपाटात ठेवायचं आणि फोन मात्र हौसेनं उचलायचा, हे काही खरं नाही. म्हणून हे पत्र. शिवाय जे सांगायचंय ते फोनवर सांगण्यासारखं नाहीच. परभणी जिल्ह्यातली खेडी तू हेल्थ व्हिजिटर म्हणून जन्मभर तुडवलीस, तेव्हा हे कोडं तुलाच घालावं म्हटलं.

आमची संस्था बस्सीकडच्या आशा सहयोगिनींना शिकवते, एवढं तुला माहीत आहे. आशा म्हणजे गावातलीच थोडीफार शिकलेली बाई. तिनं घरोघर जायचं, गरोदर बायका, तान्ही मुलं, लशी यांच्यावर लक्ष ठेवायचं. ती गावची सूनच हवी असा नियम आहे, कारण मुली लग्न होऊन निघून जातात. महिन्यातून दोनदा या सगळ्या बस्सीच्या केंद्रात येतात आणि मी त्यांना शिकवते.

डिसेंबरमध्ये मी त्यांना अंगणात आपापल्या गावाचा नकाशा काढायला लावला होता. रांगोळी, विटांची भुकटी, कडुलिंबाची पानं, मोहरी, जे हाताला लागेल ते घ्यायचं. कुठल्या घरांकडे कुणाचंच लक्ष जात नाही ते त्यातून कळावं, असा हेतू. बाकीच्यांनी चार गल्ल्या काढून हात झटकले. पण खेजडावासची द्वारका! तिनं तळं काढलं, त्याच्या तुटक्या पायऱ्या काढल्या, वड काढला, वडामागची गरिबांची वस्ती घरांसकट काढली. आणि तोंडानं गाणं चालूच. वर्गात सगळ्यांत बोलकी, सगळ्यांत हसरी बाई ती. मी तो नकाशा मोठ्या कागदावर उतरवून ऑफिसात लावला. माथुर सर, म्हणजे आमचे प्रमुख, आल्यागेल्याला तो दाखवतात.

गुरुवारी मी पहिल्यांदा खेजडावासला गेले. हातात नकाशाची प्रत. आत्या, तिथे तळंच नाही! वड नाही, पायऱ्या नाहीत. मधोमध म्हाताऱ्या माणसांचा दगडी ओटा आहे, त्याला हथाई म्हणतात, तो नकाशात नाही. हथाईच्या पलीकडे, कोरड्या ओढ्याजवळ एक ढाणी आहे, म्हणजे सुटी वस्ती. वीटभट्टीवर जाणारी दलित कुटुंबं राहतात. तीही नकाशात नाही. आणि तिथे आजवर कुठलीच आशा आलेली नाही. मागच्या वर्षी तिथली एक कोवळी बाळंतीण वाटेतच गेली, हे मला ओढ्याजवळ शेळ्या राखणाऱ्या म्हातारीनं सांगितलं.

मी तशीच द्वारकेच्या घरी गेले. दारात एक सासूबाई आणि नाकाखाली घूंघट ओढलेली एक बाई. मी विचारलं, द्वारका कुठाय? सासूनं त्या घूंघटाकडे बोट केलं. मी ओळखलंच नव्हतं. मी जे जे विचारलं त्याची उत्तरं सासूनंच दिली, ही एक शब्द बोलली नाही.

माथुर सर भयंकर चिडलेत. खोटा नकाशा काढणारी बाई नको, म्हणतात. सरपंचाच्या घरातली एक सून त्या जागेसाठी टपून बसली आहेच. एप्रिलअखेर मी अहवाल द्यायचा आहे, द्वारकेला ठेवायचं की काढायचं. मी लिहीन तेच होणार. काय लिहू?

तुझी मधू


परभणी
२० फेब्रुवारी २००८

चि. मधूस आत्याचे आशीर्वाद.

आधी हे सांग, त्या फ्लॅटमध्ये तू जेवतेस की नुसती बिस्किटं खातेस? तुझ्या पत्रात जगाच्या पोटाची काळजी आहे, तुझ्या पोटाचा उल्लेख नाही.

आता तुझी द्वारका. मला विचारशील तर काढून टाका. गोड गळा, हसरा चेहरा आणि कामाच्या नावानं शंख, अशा पुष्कळ बघितल्या. ढाणीत का गेली नाही यात कसलं आलंय कोडं? जात. आमच्याकडेही वस्तीत जायचा दिवस आला की नेमकं एकेकीचं डोकं दुखायला लागायचं. तुझ्या डोळ्यांत धूळ फेकली तिनं आणि तू ती भिंतीवर टांगलीस!

एवढं लिहून पत्र बंद करणार होते. पण कालपासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. नक्कल करणारी बाई शेजारणीची करते. तू म्हणतेस बाकीच्यांचे नकाशे अगदीच उणे होते. मग हिनं कुणाचा काढला? आणि मनानंच रचायचं तर माणूस तळं काढेल, वड काढेल. तुटक्या पायऱ्या कशाला काढेल? इतकं बारीक खोटं कुणी काढत नाही गं. ते गाव कुठेतरी आहे. कुठे आहे?

विचार तिला. पण एकटीला गाठून विचार, वर्गात सगळ्यांसमोर नको. तुझ्या बापासारखीच तूही तापट आहेस म्हणून सांगते.

मला कळव. मला आता चैन पडणार नाही.

आत्या


जगतपुरा, जयपूर
२ मार्च २००८

प्रिय आत्या,

तुझं पत्र यायच्या आधीच मी विचारून बसले होते, आणि तेही सगळ्यांसमोर. ‘हे कुठलं गाव आहे, द्वारका?’ असं नकाशावर हात आपटून विचारलं. द्वारकेनं वर्गात कधी घेतला नव्हता तो पदर कपाळाखाली ओढला आणि दिवसभर तशीच बसली. मग तुझं पत्र आलं आणि मला तोंडात मारल्यासारखं झालं.

काल ती येईल की नाही याची मला धास्ती होती. आली. संध्याकाळी बस्सीच्या स्टँडवर तिच्या बाजूला जाऊन बसले, माफी मागितली, आणि तुझा प्रश्न जसाच्या तसा विचारला. ते गाव कुठाय?

ती म्हणाली, ‘यो तो म्हारा पीर को गाँव छै, मैडमजी.’

तिचं माहेर, आत्या! तिनं माहेर काढलं होतं. तळ्याच्या त्या पायऱ्या तिच्या लहानपणी तुटल्या, वडामागच्या वस्तीतल्या मुलींबरोबर ती शेण गोळा करायला जायची. तिथे तिचं तोंड उघडं होतं. इथे खेजडावासला ती जीपमधून तोंड झाकून आली. घर, शेत आणि हापसा, तिन्ही मागच्या गल्लीनं. हथाईवर सासरे, जेठ, म्हणजे थोरले दीर, आणि सगळ्या गावचे वडीलधारे बसलेले असतात. त्यांच्या समोरून सुनेनं जायचं तर घूंघट घेऊन, चपला हातात धरून, आणि तेही काही कारण असेल तरच. पलीकडे यांचं शेत नाही, नातलग नाही. म्हणजे कारण नाही. अकरा वर्षांत ती एकदाही हथाईपलीकडे गेलेली नाही. ढाणीत लग्न असलं की गच्चीवर गाणी ऐकू येतात म्हणाली, पण लग्न कुणाचं ते तिला कळत नाही.

मी विचारलं, मग तसं सांगायचंस ना, दुसरंच गाव का काढलंस? ती म्हणाली, ‘आपने कहा था, पूरा गाँव बनाओ. पूरा तो मुझे वही आता था.’

तुझा जातीचा प्रश्नही मी विचारला. सरळच विचारला, ढाणीत जाऊन त्यांच्या घरी बसशील का? ती म्हणाली, घरी चालणार नाही. मी विचारलं, आणि तुला? ‘माझ्यावर कधी वेळच आली नाही,’ म्हणाली. तिच्या तोंडून मला आवडेल असं उत्तर काही आलं नाही, पण मला वाटतं खरं आलं. बसमध्ये चढताना मात्र माझा हात धरून म्हणाली, नाव कापू नका. महिन्यातून दोनदा बसच्या खिडकीशी उघड्या तोंडानं बसते, नाव कापलं तर तेही जाईल.

मग मी बाकीच्यांनाही एकेकीला गाठून विचारलं. बहुतेकींची हीच गत. त्या चार-चार गल्ल्यांचे नकाशे आळसानं काढलेले नव्हते, त्यांना तेवढंच गाव ठाऊक होतं! मी यांना बाळाचं वजन करायला शिकवलं, साखर-मिठाचं पाणी शिकवलं, धोक्याची लक्षणं पाठ करून घेतली. ज्या घरी हे सांगायचं त्या घरापर्यंत ही जाऊ शकते का, हे एकदाही विचारलं नाही. नियम करणाऱ्यांनी सून निवडली कारण ती गावात राहते. त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता, अर्धाच होता.

माथुर सरांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘बहू की मजबूरी समझ में आती है, मधुवंतीजी. पर ढाणी को इससे क्या मिला?’ मला राग आला आणि मी उठून बाहेर आले.

गंमत म्हणून घरी येऊन मी जयपूरचा नकाशा काढायला बसले. जगतपुरा, ऑफिस, बस्सीची बस. दोन वर्षं झाली इथे येऊन, कागद अर्ध्याहून जास्त कोराच राहिला.

तुझी मधू


परभणी
१२ मार्च २००८

चि. मधूस आशीर्वाद.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. माहेर! माझ्या डोक्यात कसं आलं नाही? जातीचं मी ठामपणे लिहिलं होतं, ते निम्मं मागे घेते. निम्मं ठेवते. घरी चालणार नाही म्हणाली ना ती? मग ते निम्मं अजून खेजडावासातच बसलंय, तिच्या घरात.

तुझ्या पत्राचा मला असा नाद लागला की वरच्या मजल्यावरच्या चारुलताला मी खाली बोलावलं. जोशांची सून. इथे ना घूंघट ना हथाई, पोरगी स्कूटी चालवते. म्हटलं, आपल्या कॉलनीचा नकाशा काढ बघू. तिला वाटलं म्हातारीचं डोकं फिरलं. पण काढला. घर, शाळा, मंडई, बँक, आईचं घर. आमच्या मागच्या बाजूला नाल्याकाठी पत्र्याची घरं आहेत, ती काढलीच नाहीत. का म्हणून विचारलं तर म्हणाली, ‘तिकडे काही काम नसतं ना, काकू.’ कारण नाही! तुझ्या द्वारकेचंच उत्तर, फक्त परभणीच्या मराठीत. दोघी बसून बराच वेळ हसलो. नंतर ती गेल्यावर मला काही हसू येईना.

आता कामाचं. सुनेला हथाईपुढून कोण नेऊ शकतं, याचा विचार कर. नवरा? तो स्वतःच बापापुढे बायकोशी बोलत नसेल. तू? तू आज आहेस, उद्या नाहीस. उरली सासू. सासू पुढे चालली की सून मागे चालते, त्याला कुणी हरकत घेत नाही. त्या सासवांना बोलाव बस्सीला. पण एक ध्यानात ठेव. शिकवायला बोलावलंस तर येणार नाहीत आणि आल्या तर तुझीच उलटतपासणी घेतील. ‘गाव दाखवा, आम्हाला कळत नाही,’ असं म्हणून बोलाव. आणि चहाबरोबर काहीतरी तिखट ठेव.

तुझ्या माथुर सरांचा प्रश्न मला आवडला. त्यांच्यावर रागावू नकोस.

आत्या


जगतपुरा, जयपूर
६ एप्रिल २००८

प्रिय आत्या,

पत्राला उशीर झाला, कारण चांगली बातमी घेऊन लिहायचं होतं. ती काही आली नाही, तेव्हा जे आहे ते लिहिते.

सासवा आल्या. मिरची-कचोरीनं काम केलं, तुझं म्हणणं खरं. केंद्र त्यांनी ताब्यातच घेतलं. प्रत्येकीनं आपली सगळी बाळंतपणं सांगितली, एकीनं मला लग्न का केलं नाही ते विचारलं आणि उत्तर न ऐकता दुसरीला स्थळ सुचवायला सांगितलं. द्वारकेची सासू, ग्यारसीदेवी, कोपऱ्यात बसून सगळ्यांना गप्प करत होती. मी तिच्याजवळ गेले आणि म्हटलं, तुमचं गाव मला काही कळलं नाही, तुम्हीच दाखवा. ती म्हणाली, ‘आ जा. पग दूखैगा.’ माझे पाय दुखतील, याची तिला गंमत वाटली असावी.

मंगळवारी आम्ही निघालो. पुढे ग्यारसीदेवी, मागे द्वारका, तिच्या मागे मी. हथाईजवळ आल्यावर द्वारकेनं चपला काढून हातात घेतल्या. वरच्या मंडळींची गप्प बसायची तऱ्हा मला फारशी आवडली नाही. तिचे जेठ तिथेच होते. बस्सीच्या रस्त्यावर सवारीची जीप चालवतात, ती खाली उभी होती. आम्ही ओढ्यापलीकडे गेलो. द्वारकेनं तिथे चपला घातल्या आणि घूंघटाची कड दोन बोटांनी थोडी वर करून, आत्या, ती इकडेतिकडे अशी काही बघायला लागली! खेजडीची झाडं, कुणाचं तरी मातीचं घर, कुडाला अडकवलेलं रंगीत फडकं, सगळं. मध्येच मला हळूच विचारलं, ती गाणी याच घरातून यायची का?

ढाणीत आनंदी नावाची मुलगी भेटली. पहिलटकरीण, दिवस भरत आलेले, पाय सुजलेले. कुणी तपासलेलं नाही. आपल्याकडच्यासारखी माहेरी नाही का गेली, असं मी विचारलं, तर तिची सासू माझ्याकडे बघतच राहिली. या भागात बाळंतपण सासरीच. म्हणजे ती कुठेही जाणार नव्हती, आणि कुणीही येणार नव्हतं. द्वारकेनं तिचे पाय दाबून बघितले, डोळ्यांची खालची पापणी ओढून बघितली, डोकं दुखतं का विचारलं. वर्गात शिकवलेलं सगळं, पण घूंघटाआडून. ग्यारसीदेवी अंगणाबाहेर उभी राहिली. बस म्हटलं तरी बसली नाही.

मग आनंदीनं पाणी आणलं. आधी ग्यारसीदेवीपुढे धरलं. तिनं मान फिरवली. मग द्वारकेपुढे. द्वारकेनं सासूकडे बघितलं, लोटा घेतला, आणि घूंघटाखालून सगळं पाणी पिऊन टाकलं.

मला इतका आनंद झाला की विचारू नकोस. आणि परतीच्या वाटेवर मला कळलं की मी फार लवकर आनंदले. घराच्या दारात ग्यारसीदेवी मला हात जोडून म्हणाली, ‘गाँव देख लिया न? अब बस.’ काल द्वारका बस्सीला आली नाही. दुसऱ्या आशेकडून निरोप आला की तिला घरातून सोडत नाहीत.

आत्या, माझ्यामुळे झालं हे. नकाशात चुकलेली बाई निदान बसच्या खिडकीत तरी बसत होती. अहवाल समोर कोरा पडलाय. तिला ठेवा असं लिहिलं तर ती येणार नाही, ढाणीला काही मिळणार नाही. काढा असं लिहिलं तर माझ्या हातानं तिला घरात कोंडल्यासारखं होईल. काल ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडले.

आनंदीला मी स्वतः बस्सीच्या दवाखान्यात नेऊन आणलं. रक्तदाब जास्त आहे, घरी बाळंतपण होऊ देऊ नका म्हणाले. पण मी काही रोज खेजडावासात नसणार.

मधू


परभणी
१४ एप्रिल २००८

चि. मधू,

रडून झालं असेल तर वाच.

‘घरातून सोडत नाहीत’ हे तुला तिसरीनं सांगितलं. तू त्या घरात होतीस का? सासू काय म्हणाली, द्वारका काय म्हणाली, ती पाणी प्यायली ते घरात कुणाला सांगितलं की दोघींनीच पोटात ठेवलं, यातलं तुला काहीएक माहीत नाही. मागे मीही अशीच न बघता ‘काढून टाका’ म्हणाले होते. तेव्हा अहवाल लिहू नकोस. महिनाअखेरपर्यंत वेळ आहे ना? मग शेवटच्या दिवशी लिही.

आणि मला एक सांग. ग्यारसीदेवीनं मान फिरवली, बरोबर. पण सुनेच्या हातातला लोटा तिनं खाली पाडला का? ‘नको पिऊस’ म्हणाली का? तू लिहिलेलं नाहीस, म्हणजे झालं नसावं. सासूपण मलाही माहीत आहे गं. जी सासू खरोखर अडवणार असते ती तिथेच अडवते.

तू तिचं वाईट केलंस की नाही हे मला कळत नाही. पण ती आता ढाणीचा रस्ता पाहून आली, आणि ढाणीनं तिला पाहिलं.

मला उत्सुकतेनं झोप लागत नाही. यंत्र लावते कानाला, फोन केलास तरी चालेल.

आत्या


जगतपुरा, जयपूर
२७ एप्रिल २००८

प्रिय आत्या,

फोन करणार होते, पण हे तुला हळूहळू, पुन्हा पुन्हा वाचता यावं असं वाटलं.

१८ तारखेला, शुक्रवारी दुपारी मी बस्सीच्या दवाखान्यात लशींचं काही विचारायला गेले होते. फाटकात एक सवारीची जीप येऊन थांबली. मागे आनंदी, तिची सासू, आणि आनंदीचं डोकं मांडीवर घेतलेला एक घूंघट. आता मात्र मी ओळखला. चालवत होते द्वारकेचे जेठ.

काय झालं ते मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. सकाळी आनंदीच्या कळा सुरू झाल्या, डोकं फुटेल असं दुखायला लागलं, डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. तिचा सासरा धावत हथाईपाशी आला आणि नेहमीप्रमाणे खालीच उभा राहिला. जीप समोर उभी होती. त्यानं जीप मागितली असती तर दिली असती की नाही, कोण जाणे. पण त्यानं ती मागितलीच नाही. सगळ्या वडीलधाऱ्यांसमोर हात जोडून तो म्हणाला, ‘वो पाणी पीबा हाळी बीनणी नै भेज द्यो.’ ती पाणी पिणारी सून पाठवा.

हथाईवर कुणाला यातलं काही माहीत नव्हतं! तू विचारलंस ना, दोघींनी पोटात ठेवलं का? ठेवलं होतं. ग्यारसीदेवीनं घरात चकार शब्द काढला नव्हता. सुनेला कोंडलं होतं तेही ही गोष्ट बाहेर फुटू नये म्हणूनच.

जेठ उठून घरी गेले. अंगणात उभं राहून खाकरले, आणि आईला म्हणाले, ढाणीवाले बहूला बोलावताहेत, पाणी पिणाऱ्या बहूला. आईनं काय म्हणावं? ‘उसने पिया, मैंने देखा,’ म्हणाली. आणि मग द्वारकेकडे न बघता, ‘जा, देर मत कर.’ द्वारका मला हे सांगताना रडत होती आणि हसतही होती. जेठांनी जीप काढली. ढाणीपर्यंत जीप पहिल्यांदाच गेली म्हणे.

वाटेतली गंमत ऐक. जेठांशी तर हिला बोलता येत नाही. खड्ड्यांतून हळू चालवा, हे तिनं आनंदीच्या सासूला सांगायचं, सासूनं जेठांना. आनंदीची सासू एरवी त्यांच्यासमोर तोंड उघडायची नाही. बस्सी येईपर्यंत तीच त्यांना हुकूम सोडत होती.

बाळंतपण अवघड झालं, पण झालं. मुलगी आहे. आनंदीला झटके यायच्या आत औषध मिळालं. आणखी उशीर झाला असता तर दोघी हाती लागल्या नसत्या, असं डॉक्टर म्हणाल्या. माझा जीव भांड्यात पडला. मी व्हरांड्यात बाकावर बसले होते. जेठ पायऱ्यांवर येऊन उभे राहिले. द्वारका माझ्या शेजारी, त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर. त्यांनी मला विचारलं, ‘मैडमजी, पूछिए, कब चलना है?’ मी द्वारकेकडे बघितलं. घूंघटातून आवाज आला, ‘कह दीजिए, बच्ची को टीका लगवाकर चलूँगी. देर लगेगी.’ मी तेच त्यांना सांगितलं, जणू त्यांना ऐकूच आलं नव्हतं. ते म्हणाले, ‘ठीक है. बैठा हूँ.’ आणि जीपच्या सावलीत जाऊन बसले. त्यांच्या सवाऱ्यांची वेळ टळून गेली, दोनतीन माणसं विचारून परत गेली. ते बसूनच राहिले.

सगळं गोड झालं असं समजू नकोस. घरात घेण्याआधी ग्यारसीदेवीनं सुनेच्या अंगावर बादलीभर पाणी ओतलं. जीपही धुतली. तुझं ते निम्मं अजून तिथेच आहे. मी द्वारकेला विचारलं, वाईट वाटलं का? ती म्हणाली, ‘गर्मी घणी थी, मैडमजी.’ आणि असं काही हसली की पुढे विचारवलं नाही.

मी अहवाल लिहिला. द्वारका राहील. माथुर सरांना मी एवढंच म्हटलं की तुमच्या प्रश्नाचं उत्तर आता देता येईल, आणि शुक्रवारचं सगळं सांगितलं. त्यांनी सही केली. पुढच्या तुकडीचं शिक्षण केंद्रात सुरू न करता गावात सुरू करायचं, पहिला दिवस सासूबरोबर गावभर चालण्याचा, हेही मान्य केलं. सरकारी पुस्तकात असं कुठे लिहिलेलं नाही, म्हणाले. मग पेन काढून स्वतःच्या प्रतीत समासात लिहून ठेवलं.

काल न कळवता मी खेजडावासला गेले. द्वारकेचं घर अजून लांब होतं, मी हथाईपाशीच पोचले होते. वर जेठ आणि चारपाच म्हातारे सारीपाट खेळत होते. जेठांनी मला पाहिलं, सोंगटी हलवली, आणि डोकं वर न करता म्हणाले, ‘बहू ढाणी गई है. बैठिए, आती होगी.’

तुझी मधू